दहा बोल्ट

२ डिसेंबर

काका,

पत्र बघून दचकू नका, घरात सगळे जागच्या जागी आहेत. तीनदा फोन केला, तिन्ही वेळा तुम्ही "हो हो, मजेत, मजेत" म्हणून ठेवून दिलात. मी विचारलं होतं काय आणि तुम्ही सांगितलंत काय! शेवटी तुमची लेक, ताईच म्हणाली, "लिहून पाठव, लिहिलेलं वाचतात ते." म्हणून हा कागद.

काम गाडीचं आहे. आपल्या निळीचं. ऑगस्टमध्ये, ताईकडे राहायला जाण्याआधी, तुम्ही तिचं हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवून परत बसवलंत, अंगणात, हे माझं शेवटचं काम म्हणून अख्ख्या गल्लीला ओरडून सांगत. तेव्हापासून झकास चालत होती. पण थंडी पडली तशी सकाळी सुरू करताना मिसिंग करायला लागली आहे. चावी मारली की इंजिन लागतं, पण हुडहुडी भरल्यासारखं हलतं, स्टिअरिंग थरथरतं, समोरचा पिवळा दिवा उघडझाप करतो. मिनिट-दीड मिनिट हा तमाशा, मग शहाण्यासारखी चालते. दुपारी दुकानातून निघताना एकदाही नाही. रात्रभर उभी राहिली तरच.

तुम्ही म्हणाल, मिनिटभर थरथरली तर कुठे आभाळ कोसळलं. पण सोमवार, बुधवार, शुक्रवार बाबांचं डायलिसिस असतं. हॉस्पिटल बेचाळीस किलोमीटर. सातला बाबांची खुर्ची लागते, सव्वासातपर्यंत वाट बघतात आणि मग पुढच्याला देतात. पहिली बस साडेसातची. टॅक्सीवाल्यांचे पाय धरून झाले, पावणेसहाला कुणी येत नाही. म्हणजे निळी चालली तर बाबांच्या अंगातलं पाणी निघतं, नाही चालली तर ते अंगातच राहतं. मी रोज चावी फिरवताना श्वास धरून बसते.

सगळ्यात नवल बाबांचं. शेजाऱ्याच्या स्कूटरचा आवाज बदलला तरी भरल्या ताटावरून उठणारा माणूस! आता खिडकीशी बसून सगळं ऐकतात आणि मिठाची गुळणी धरतात. विचारलं तर म्हणतात, "थंडी आहे. बसेल आपोआप." आपोआप काही बसत नसतं, हे मला त्यांनीच शिकवलंय.

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यानं त्याचा स्कॅनर लावला. चौथ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, एवढं तो स्कॅनर सांगतो. का, ते सांगत नाही. मी दिवसभर चष्म्याच्या काचा घासणारी बाई, मला नंबर कळतो, इंजिन कळत नाही. आता तुम्हीच सांगा काय बघू.

तुमची,
ठिणगी

७ डिसेंबर

ठिणगे,

पत्र मिळालं. बरं केलंस. फोनचं म्हणशील तर इथली लाईन फार खराब आहे, सातव्या मजल्यावर आवाज नीट पोचत नाही. जावई मेसेज पाठवा म्हणतो, पण माझी बोटं एक बटण दाबायला गेली की तीन दाबतात. तेव्हा कागदच बरा.

उंटावरून शेळ्या हाकायला लावतेस, तर ऐक. इंजिनाला तीन गोष्टी लागतात, हवा, पेट्रोल आणि ठिणगी. (तुझं नाव उगाच नाही ठेवलं. लहानपणी स्पार्कप्लगला हात लावलास आणि रडायच्या ऐवजी प्लगलाच शिव्या घातल्यास.) चौथ्याला यातलं काहीतरी थंडीत मिळत नाही. प्रत्येक प्लगच्या डोक्यावर एक कॉइल बसते, वीज तीच पाठवते. चौथ्याची कॉइल काढून दुसऱ्यावर लाव, दुसऱ्याची चौथ्यावर. मग सकाळी स्कॅनर लावायला सांग. मिसफायर दुसऱ्यावर गेला तर कॉइल गेली, विषय संपला. चौथ्यावरच राहिला तर चारी प्लग नवीन टाक.

आता माझ्या प्रश्नांची उत्तरं दे. पेट्रोल कुठे भरतेस? बॅटरी किती जुनी? हवेची जाळी साफ केलीस का? चावी एका दमात मारतेस की आधी अर्धी फिरवून थांबतेस? सकाळी पेट्रोलचा वास येतो का? ती पेटल्यावर लगेच ॲक्सिलरेटरवर पाय देतेस का? देत जाऊ नकोस.

आणि त्या स्कॅनरवाल्याला हेडला हात लावू देऊ नकोस. या पोरांना काही सुचलं नाही की हेड खोलतात, रोग रेड्याला आणि औषध पखालीला. ते हेड मी कसलंय आणि तुझ्या बापानं ऐकलंय. आमच्या गॅरेजचा कायदा तू पाळण्यातून बघितलायस. एकानं पाना ओढायचा, दुसऱ्यानं स्टुलावर बसून कान द्यायचा. ठरलेला जोर आला की तो पाना टक् वाजतो. टक् ऐकल्याशिवाय स्टुलावरच्यानं "झाला" म्हणायचं नाही, आणि "झाला" ऐकल्याशिवाय पुढच्या बोल्टला जायचं नाही. चाळीस वर्षांत आमचं एक हेड परत आलेलं नाही.

बापाला सांग, पाणी मोजून पी. आणि तो गप्प असेल तर असू दे. आजारी माणसाला इंजिनाचा कंटाळा येतो कधी कधी.

काका

१३ डिसेंबर

काका,

कॉइलची अदलाबदल केली. माझ्या हातानं, बाबा खिडकीतून बघत होते. मिसफायर चौथ्यावरच राहिला. मग चार नवे प्लग टाकले. एक दिवस बरं वाटलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच रडगाणं. तुमच्या प्रश्नांची उत्तरं: पेट्रोल नेहमीच्याच पंपावर, बॅटरी दोन वर्षांची, जाळी स्वच्छ, चावी एका दमात, पाय देत नाही, पेट्रोलचा वास येत नाही.

पण दुसरा वास येतो, त्याबद्दल तुम्ही विचारलंच नाहीत. सुरू केल्यावर मागून पांढरा धूर निघतो आणि त्याला गोडसर वास असतो. माझं काम बारीक बघायचं आहे, म्हणून जुने प्लग फेकले नाहीत, दुकानात नेऊन भिंगाखाली धरले. तीन प्लग कोरड्या मातीसारखे तपकिरी आहेत. चौथा स्वच्छ आहे, कुणीतरी रोज धुतल्यासारखा. आणि रेडिएटरच्या पाण्याची बाटली दर आठ दिवसांनी बोटभर उतरते. खाली जमिनीवर मात्र थेंब नाही. स्कॅनरवाला म्हणाला, "ताई, कुठेतरी पाणी मुरतंय. हेड उघडून बघू या." मी नाही म्हटलं. काकांनी सांगितलंय, हेडला हात लावायचा नाही.

बुधवारी पोचायला सात वाजून वीस मिनिटं झाली. निळी तीनदा बंद पडली, चौथ्या वेळी निघाली. खुर्ची दुसऱ्याला दिली होती. हातापाया पडून दुपारी अडीच तासांची जागा मिळाली, चार तासांच्या ऐवजी. बाबांच्या पायात बोट रुतवलं तर खड्डा तसाच राहतो. रस्त्यात मी रडले, तर म्हणतात, "तू समोर बघ, मी कुठे जात नाही."

त्यांनी मला विचारलं, कुणाला एवढं लिहितेस. मी सांगितलं. तर चेहरा पडला त्यांचा. म्हणाले, "दादाला कशाला त्रास?" मग, "दादा फोनवर बोलतो का गं तुझ्याशी?" मी म्हटलं, बोलतात कसले, मजेत म्हणून ठेवून देतात.

तुम्हा दोघांचं काही भांडण झालंय का? झालं असेल तर आत्ता मिटवा, मला वेळ नाही.

ठिणगी

१८ डिसेंबर

ठिणगे,

भांडण वगैरे काही नाही. आमचं भांडण एकदाच झालं होतं, कुठला पाना कुणी हरवला यावरून, आणि तो पाना त्याच्याच खिशात निघाला.

पांढरा धूर थंडीत सगळ्याच गाड्या सोडतात. तोंडातून वाफ निघते ना, तसंच. वासाचं म्हणशील तर नव्या प्लगवर तेल लागलेलं असतं, त्याचा येतो. पाणी उतरायचं कारण बाटलीचं झाकण सैल असेल. झाकण बदल. इंजिनावर पाण्याची गरमी सांगणारा सेन्सर असतो, तो चुकीचं सांगत असेल तर थंडीत पेट्रोल कमी-जास्त होतं. तोही बदल. चौथ्याचा इंजेक्टर साफ करून घे.

तोवर दहा मिनिटं आधी उठून गाडी तापत ठेव. पाण्याचा कॅन डिकीत ठेव. गरमीच्या काट्यावर डोळा ठेव.

हेडचं काही नाही. मी स्वतः कसलंय.

काका

२८ डिसेंबर

काका,

झाकण बदललं. सेन्सर बदलला. इंजेक्टर साफ केला. दहा मिनिटं नाही, वीस मिनिटं आधी उठत होते.

शुक्रवारी आम्ही चढावर होतो, शेवटचे अकरा किलोमीटर राहिले असताना. काट्यावर माझा डोळा होता, काका, तुम्ही सांगितल्याप्रमाणे. तो मध्यावर होता आणि मग एकदम लाल रेषेवर गेला. बॉनेटमधून वाफ आली आणि इंजिन थांबलं. डिकीतलं पाणी ओतलं, ते जसं ओतलं तसं उकळून बाहेर आलं. बाबांना माझा कोट घातला, त्यांच्या कोटावरून. ते मागच्या सीटवर आडवे होत नव्हते, आडवं झालं की श्वास लागत होता, म्हणून बसूनच. गाड्या जात होत्या. मी रस्त्याच्या मध्ये उभी राहिले तेव्हा एक दूधवाला थांबला. तोवर एक तास चाळीस मिनिटं झाली होती. त्याच्या आधीचा बुधवारही उशीर झाल्यानं पुन्हा अर्धाच झाला होता, म्हणजे अंगात तीन-चार दिवसांचं पाणी. हॉस्पिटलमध्ये पोचलो तेव्हा बाबांचे ओठ निळे होते. फुफ्फुसात पाणी शिरलंय म्हणाले. तेव्हापासून आयसीयूत आहेत, तोंडावर मास्क आहे. मी बाहेरच्या बाकावर बसून हे लिहिते आहे.

गाडी ओढून आणली. यावेळी मी स्कॅनरवाल्याला म्हटलं, उघड. त्यानं आधी रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून हवा भरली आणि तशीच ठेवली. सकाळी चौथा प्लग काढून इंजिन नुसतं फिरवलं. प्लगच्या भोकातून पाण्याची पिचकारी उडाली, त्याचा शर्ट भिजला. मग हेडचे बोल्ट सोडायला घेतले. तुम्हाला माहीतच आहे, दहा असतात. आठ बोल्टांसाठी पान्याला लांब पाइप लावून लटकावं लागलं. चौथ्या सिलिंडरच्या कडेचे दोन पाना लावल्या लावल्या फिरले. तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "ताई, हे कसायचेच राहिलेत. कुणी बसवलं होतं?" हेड आणि इंजिन यांच्यामध्ये जो पातळ पत्रा असतो, गॅस्केट, तो त्या दोन बोल्टांपाशी काळा पडलाय. इंजिन तापलं की फट मिटायची आणि थंड झालं की उघडायची, रोज तिथूनच पाणी आत झिरपत होतं.

स्कॅनरवाल्यानं हे तेरा तारखेच्या आधीच सांगितलं होतं. तुमच्या शब्दावर मी त्याला नाही म्हटलं.

तुम्ही पहिल्या पत्रात मला सहा प्रश्न विचारलेत. पेट्रोल, बॅटरी, जाळी. पाणी उतरतंय का हे विचारलं नाहीत. माझ्यासारख्या अडाणी बाईला भिंगाखाली दिसलं ते तुम्हाला वाचून दिसलं नाही, यावर माझा विश्वास बसत नाही.

सरळ विचारते. सरळ उत्तर द्या.

ठिणगी

२ जानेवारी

पोरी,

हे पत्र चार वेळा लिहिलं आणि चार वेळा फाडलं. ताईनं केराची टोपली बघितली आणि नवीन कागद आणून ठेवले.

मला ऐकू येत नाही. तीन वर्षं झाली. आधी फोन गेला, मग पाऊस, मग माणसं. उजवा कान पूर्ण गेलाय, डाव्यात नुसती घरघर आहे. बोटांची टोकंही गेली आहेत, चाळीस वर्षं इंजिनाची थरथर खाऊन. सुई टोचली तर रक्त दिसतं तेव्हा कळतं. कुणाला सांगितलं नाही. आवाजावरून इंजिन ओळखणारा मिस्त्री म्हणून लोक मला ओळखायचे, तो बहिरा झाला असं कुठल्या तोंडानं सांगू? स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला लावायचो आणि दुसरं दातात धरायचो. दातातून थोडं कळायचं. लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याची लहर.

ऑगस्टमध्ये मी ते काम घ्यायला नको होतं. पण तुझा बाप आजारी, गाडी त्याची, आणि इकडे ताईकडे येण्याआधी एक हेड माझ्या हातून नीट बसावं अशी हौस. अंगणात सगळे जमले होते. तो स्टुलावर बसला, मी पाना घेतला. बोल्ट मधून सुरू करून कडेला जायचे असतात. पहिले आठ मी त्याच्या ओठांकडे बघून कसले. त्याचे ओठ हलले, "झाला", की पुढचा. नवव्याला माझा हात थरथरायला लागला. लावता येईल तेवढा जोर लावला आणि त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "झाला." दहाव्यालाही तसंच. देव पावला असं वाटलं मला. इतक्या थोड्या जोरात टक् कसं वाजलं, असं मनात आलं होतं. पण विचारायचं म्हणजे बहिरा असल्याचं कबूल करायचं. मी हात पुसले.

तुझ्या पहिल्या पत्रातच मला कळलं. चौथा सिलिंडर, थंडी, रात्रभर उभी गाडी. पांढऱ्या धुराचं वाचलं तेव्हा तर शंकाच उरली नाही. तरी मी तुला झाकण बदल म्हणून लिहिलं. प्लगच्या तेलाचा वास, असलं धादांत खोटं लिहिलं. दोन बोल्टांचं काम होतं ते, आधीच कळवलं असतं तर गॅस्केटही वाचलं असतं. मला वाटत राहिलं, एवढी थंडी निघून जाईल, गाडी तग धरेल, कुणाला कळणार नाही. मी माझी अब्रू धरून बसलो, आणि तू माझ्या भावाला त्या गाडीत बसवून नेत होतीस.

आता एकच मागणं आहे. तुझ्या बापाला यातलं काही सांगू नकोस. तो त्या वेळी आजारी होता, थकलेला होता, ऐकण्यात त्याची चूक झाली असणार. टक् वाजलं असं त्याला वाटलं असणार. त्याला कळलं तर तो म्हणेल, माझ्या कानामुळे झालं. त्याचा काही दोष नाही. पाना माझ्या हातात होता.

ताईनं सहा तारखेचं बसचं तिकीट काढलंय. मी येतो. त्याच्याजवळ बसतो. तू मला घरात घेतलं नाहीस तरी हॉस्पिटलच्या बाकावर बसेन.

तुझा काका

१३ जानेवारी

काका,

तुमचं पत्र सात तारखेला आलं. बाबा चार तारखेला गेले, ते ताईला फोन करून मी लगेच कळवलं होतं. ती म्हणाली, तुम्ही सहा तारखेला बॅग घेऊन बस-स्टँडपर्यंत गेलात आणि बस सुटल्यावर घरी परत आलात. तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून झोपता. म्हणून हे पत्र तिच्या नावावर पाठवते आहे आणि तिला सांगितलंय की तुमच्या हातात देऊन समोर उभी राहा.

तुम्ही लिहिलंय, बाबांना सांगू नकोस. सांगायला बाबा राहिले नाहीत. पण राहिले असते तरी मला सांगायचं काही उरलं नव्हतं. जायच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांना थोडं बरं होतं, नर्सनं अर्धा तास मास्क काढला. मी गाडीविषयी काही बोलले नव्हते. त्यांनीच विचारलं, "हेड उघडलं का?" मी हो म्हटलं. "नववा आणि दहावा सैल निघाले ना?"

मी त्यांच्या तोंडाजवळ वाकले.

ते म्हणाले, "आठ वाजले. नववा वाजला नाही. दादा पाना धरून माझ्या तोंडाकडे बघत होता. माझ्या डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे. तेव्हा मला कळलं की ह्याला ऐकू येत नाही. मागचे आठही तो बघून कसत होता. हात लटलट हलत होता त्याचा. सगळी गल्ली उभी होती गं. काय म्हणू? मी म्हटलं, झाला."

मी विचारलं, आणि दहावा? "तोही नाही वाजला. एकदा म्हटल्यावर दुसऱ्यांदा म्हणायला काय लागतं."

त्यांनी ठरवलं होतं, दादा गेला की आपण गुपचूप कसून टाकू. पण तुम्ही गेल्यावर चारच दिवसांत, उजव्या हाताची नस चालण्यासारखी नव्हती म्हणून, त्यांच्या डाव्या हातावर डायलिसिससाठी शस्त्रक्रिया झाली. त्या हातानं पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही असं डॉक्टरांनी बजावलं, आणि बाबा डावरे. मी म्हटलं, मला सांगायचं होतंत. मी कसले असते, त्या स्कॅनरवाल्यानं कसले असते. ते म्हणाले, "त्यानं पाना लावला असता तर विचारलं असतं, कुणी बसवलं होतं. दादाचं शेवटचं काम होतं ते." थोडा वेळ दम खाल्ला आणि म्हणाले, "मला वाटलं, मिनिटभर तर मिसिंग करते. तेवढं चालून जाईल. निदान मी असेपर्यंत."

मग त्यांनीही तेच सांगितलं जे तुम्ही लिहिलंत. "दादाला कळू देऊ नकोस. त्याला वाटू दे की माझ्या लक्षात आलं नाही." मी हो म्हटलं. नर्सनं मास्क लावला. दुसऱ्या दिवशी पहाटे गेले.

त्यांना दिलेला शब्द मी मोडते आहे, आणि मुद्दाम मोडते आहे. त्यांच्या कानाची चूक झाली असेल असं तुम्ही लिहिलंत, ते वाचून मला बसवेना. त्यांचे कान शेवटपर्यंत शाबूत होते. रोज पहाटे खिडकीशी बसून त्यांनी ती मिसिंग ऐकली, कुठले दोन बोल्ट आणि कुणाचा हात, हे माहीत असताना. तुम्ही तिकडे बसून माझी पत्रं वाचलीत, तुम्हालाही तेच माहीत होतं. दोघांनी एकमेकांची झाकली मूठ सांभाळली. मला कुणी काही सांगितलं नाही, आणि गाडी मी चालवत होते. त्या चढावर त्यांच्या पाठीला हात लावून मी म्हणत होते, बाबा, गाडीला काय झालंय कुणास ठाऊक. ते माझ्या हातावर थोपटत होते.

गेल्या आठवड्यात निळीला नवं गॅस्केट टाकलं आणि नवे बोल्ट. हेड घासून सपाट करून आणलं. पाना मी ओढला, तुमचाच, जो इथे ठेवून गेलात तो. स्कॅनरवाल्याला बाबांच्या स्टुलावर बसवलं. त्याला म्हटलं, टक् ऐकू आलं तरच "झाला" म्हणायचं. समोर कोण आहे, तिला काय वाटेल, हे बघायचं नाही. त्याला वाटलं, बाप गेल्यानं बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. पण बसला बिचारा. नवव्याला मला जोर पुरेना. तो गप्प बसून राहिला. मी पाय टेकवून पुन्हा ओढला तेव्हा टक् वाजलं आणि तेव्हाच तो म्हणाला. दहाही झाले. तिथेच बॉनेटवर डोकं टेकून मी रडले, आणि तो दुसरीकडे बघत बसला.

तुम्हाला माफ केलं असं मी लिहीत नाही, कारण केलेलं नाही. बाबांनाही केलेलं नाही. त्यांच्यावर ओरडायचं होतं मला, भांडायचं होतं, तेही राहिलं. राग दोघांवर आहे आणि उरलात तुम्ही एकटे. म्हणून या. तुम्हाला ऐकू येत नाही, तर समोर बसवून, माझ्या तोंडाकडे बघायला लावून बोलेन. एक शब्द सोडणार नाही. सगळं बोलून झालं की मग त्यांच्याबद्दल बोलू, कारण त्यांच्याबद्दल बोलायलाही मला तुमच्याशिवाय दुसरं कुणी नाही.

कुठल्या बसनं निघताय ते ताईला कळवायला सांगा. कितीही पहाटे पोचलात तरी घ्यायला येईन. गाडी आता पहिल्या चावीला सुरू होते.

ठिणगी